बांगडीवाल्या मावशींचा बगळा

पेणच्या एसटी स्टँडमागे बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या मावशींचे गुडघे आखडले होते. खुर्चीतून उठणं त्यांना जमत नसे. वरच्या फळीवरच्या बांगड्या त्या एका लांब काठीने काढत. काठीच्या टोकाला चिमटा, मुठीशी सायकलचा ब्रेक. ब्रेक दाबला की चिमटा मिटायचा. त्याला त्या बगळा म्हणत. इंग्रजी शाळेतली म्हणून मला मॅडम. मी मदतीला पुढे झाले की म्हणत, "बस गो मॅडम, माझ्या बगळ्याला उपाशी मारू नको."

गौरींच्या आधी मी हिरव्या बांगड्या घ्यायला गेले, तेव्हा त्यांचे दीर दारात उभे होते. दुकान भाड्याने द्यायचं त्यांनी परस्पर ठरवलं होतं.

"वहिनी, आता घरात बसा. नाय झेपत तुम्हाला."

मावशींनी बगळा वर नेला. दोऱ्यात बांधलेल्या बांगड्या चिमट्यात आल्या, सुटल्या आणि फरशीवर खळकन फुटल्या.

"बघा," दीर म्हणाले.

"काय बघू? काकणं वाढली. तुमच्या हातून कधी कपबशी नाय फुटली?"

माझा हात फळीकडे गेला होता. मावशींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तो खाली घेतला.

बगळा पुन्हा वर गेला. या वेळी हिरव्या बांगड्या सावकाश त्यांच्या मांडीवर उतरल्या. दीर अजून बोलतच होते.

"भावजी, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय," मावशी म्हणाल्या आणि माझा हात ओढून त्यांनी बांगड्या भरायला घेतल्या.