नैवेद्याआधीची चव

देवाजी तसे शेतकरी. सानगडीच्या तलावाखाली त्यांच्या धानाच्या चार बांध्या आहेत. पण गावात त्यांना धानावरून कुणी ओळखत नाही, वरणावरून ओळखतात. लग्न असो, तेरवी असो की सप्ताहाचा काला, चुलाणं पेटलं की त्याच्यासमोर ढवळायचा लांब सराटा घेऊन उभे देवाजीच. कमरेला टॉवेल, कपाळावर आठ्या, आणि मध्ये ते नाक.

नाकाचं सांगायलाच हवं. देवाजी रांधताना चाखत नाहीत. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय महाप्रसाद कुणी तोंडाला लावायचा नाही, आणि तेरवीत पहिला घास कावळ्याचा. आता आठशे माणसांचं वरण न चाखता करायचं म्हणजे उरलं काय? नाक. देवाजी वरणाच्या मोठ्या गंजावरचं झाकण उचलत, तोंडावर वाफ घेत, डोळे मिटत. आजूबाजूची दहा-बारा माणसं श्वास रोखून उभी. मग देवाजी डोळे उघडून म्हणत, "दोन मुठी मीठ." किंवा, "उतरवा." त्यावर चर्चा नसे.

हाच गुण घरात मात्र जरा जड जाई. देवाजी अंगणात खाटेवर पडलेले, चूल आत, मध्ये एक अख्खी खोली, आणि तिथून आवाज येई, "मीठ कमी हाय वं!" अडतीस वर्षं निर्मलाबाई हे ऐकत आल्या. त्या काही बोलत नसत. चिमूटभर मीठ टाकत आणि चुलीकडे बघून काहीतरी पुटपुटत. ते चुलीलाच माहीत.

गेल्या वर्षी धानकापणीच्या दिवसांत देवाजींना ताप आला. चार दिवस अंथरुणात, पाचव्या दिवशी बांधीवर. सगळं ठीक. फक्त त्या संध्याकाळी निर्मलाबाईंनी चुलीच्या आरात भाजलेल्या वांग्याचं भरीत केलं, वर कांद्याची पात, मूठभर चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. देवाजींनी घास घेतला. तोंडात मऊ, गरम, खारट, तिखट काहीतरी आलं. वांगं आलं नाही.

"वांगे कुठचे हायेत हे?"

"आपल्या वाडीतले. काहून?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी चहा म्हणजे गरम गोड पाणी. तिसऱ्या दिवशी लाखोळीच्या डाळीची भाजी म्हणजे नुसतं तिखट. ते जिभेला चावत होतं, पण मिरची म्हणून ओळख देत नव्हतं. असं आठवडाभर झाल्यावर देवाजींनी विचार करून निष्कर्ष काढला आणि तो मोठ्यानं सांगितला, "आजकाल तुह्या हाताले चवच नाही राहिली."

निर्मलाबाईंनी हे मनावर घेतलं. त्यांनी मिरची वाढवली, लसूण वाढवला. मुलगा निकेश घामाघूम होऊन जेवू लागला. सून रुपा माहेरी आंधळगावला जायचं म्हणू लागली. देवाजींचं आपलं तेच, "चव नाही."

मग नवा चिन्नोर तांदूळ घरी आला. त्याच्या भाताचं झाकण उघडलं की वास गल्लीच्या टोकाला जातो, शेजारची कुंताबाई उगाच काहीतरी मागायला येते. त्या दिवशीही ती वाटी घेऊन आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "काय वास सुटला बाप्पा!" देवाजींनी ताटात पाहिलं. पांढरा, बारीक, सुटा भात. दिसायला चिन्नोरच. त्यांनी हळूच वाकून वाफ घेतली, डोळे मिटले. आत काहीच नव्हतं. बंद पडलेल्या घराच्या दारावर थाप मारावी तसं झालं.

निर्मलाबाईंचा हात ठीक होता. गेलं होतं ते दुसरंच काहीतरी. हे देवाजींना त्या दिवशी कळलं आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नाक हीच ज्याची ओळख, तो माणूस कुणाला आणि कसं सांगणार?

त्यातच गल्लीतल्या बाबुलालच्या आईची तेरवी आली. देवाजी गेले. न जाऊन सांगणार काय? चुलाणं पेटलं, झाकण उचललं, वाफ घेतली, डोळे मिटले. सवयीनं जेवढा वेळ डोळे मिटायचे तेवढा वेळ मिटले आणि सवयीनं म्हणाले, "उतरवा." दोनशे माणसं जेवली. देवाजी पंगतीतून फिरले.

"कसं झालं जी?"

"मस्त!"

"वरण?"

"एक नंबर!"

देवाजी घरी आले ते छाती पुढे काढून. नाकाशिवाय जमतंय म्हणायचं! हात शिकलेला असतो, डोळा शिकलेला असतो, नाक काय, उगाच मिरवतं. त्या रात्री ते छान झोपले.

दुसऱ्या दिवशी ते हातपंपावर गेले, तर कुंताबाई राख आणि नारळाच्या काथ्यानं गंज घासत बसली होती. गंज बाबुलालच्या घरचा.

"देवाजीभाऊ, या गंजाचं बूड कालपासून घासून राहिली मी. निघतच नाही."

देवाजींनी वाकून पाहिलं. बुडाला दोन बोटं जाड काळी खपली. वरण लागलं होतं. नुसतं लागलं नव्हतं, जळालं होतं. असलं वरण करपतं तेव्हा त्याचा वास तलावाच्या पाळीपर्यंत जातो. दोनशे माणसांनी ते भातावर घेऊन खाल्लं होतं, बोटं चाटली होती आणि एक नंबर म्हटलं होतं.

"कुंता, खरं सांग. काल वरण कसं होतं?"

कुंताबाईचा हात थांबला. "आता तेरवीचं जेवण, भाऊ. त्याले कोण नाव ठेवते?"

देवाजींना घरी जायला त्या दिवशी दुप्पट वेळ लागला. घरी गेल्यावर त्यांनी निर्मलाबाईंना सगळं सांगितलं. निर्मलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हणजे माह्या हाताले चव हाय?"

"हाय."

"मंग दीड महिना मले बोलून राहिले होते ते?"

देवाजींनी मान खाली घातली. निर्मलाबाई उठल्या, पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या साकोलीले जाऊ. पहिली बस धरू."

साकोलीच्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं. तापानंतर असं होतं म्हणाले. कुणाचा वास दोन-चार महिन्यांत परत येतो, कुणाचा वर्षानं, कुणाचा येतच नाही. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, निलगिरीचं तेल असं एकेक नाकाशी धरायचं आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. शिवाय घरात गॅस असेल तर सांभाळायचं, शिळंपाकं दुसऱ्याला विचारून खायचं.

"आणि डॉक्टरसाहेब, मीठ?" देवाजींनी काळजीनं विचारलं. "मी वासावर मीठ सांगतो. थे कसं कराचं आता?"

डॉक्टर हसले. "काका, मिठाला वास नसतो."

"असं कसं? अख्ख्या गावाले इचारा."

"नसतोच. मीठ जिभेला कळतं, नाकाला नाही. तुमच्या हाताला अंदाज असेल. तो काही कुठं गेला नाही. आंबट, गोड, खारट हे तुमच्या जिभेला अजूनही कळेल."

परतीच्या बसमध्ये निर्मलाबाई खिडकीशी बसल्या होत्या. बराच वेळ त्या बाहेर बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. देवाजींना वाटलं, रडताहेत. त्यांचंही मन भरून आलं.

"रडू नको. होते बरं हळूहळू."

निर्मलाबाईंनी तोंडावरचा पदर काढला. त्या हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अडतीस वर्स," त्या कशाबशा म्हणाल्या, "अडतीस वर्स अंगणातून मीठ कमी हाय, मीठ कमी हाय! आणि मिठाले वासच नाही म्हणे!"

कंडक्टरनं वळून पाहिलं. देवाजी तिकीट वाचू लागले.

लवंग आणि लिंबू सुरू झालं. रोज सकाळी देवाजी खाटेवर बसून लिंबू नाकाशी धरत आणि आठवत. लिंबाचा वास आठवायचा म्हणजे काय, हे ज्यानं केलं नाही त्याला कळायचं नाही. नाव आठवतं, रंग आठवतो, सरबताचा पेला आठवतो, वास तेवढा दाराआड उभा राहतो. जेवताना ते आता हळूहळू जेवत. कांदा दाताखाली कसा तुटतो, भजं वाजतं किती, चिंचेचा आंबटपणा जिभेच्या कडेनं कसा धावतो, हे लक्ष देऊन बघत. जे उरलं होतं ते मोजकं होतं, पण पूर्वी त्याच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

माघात सप्ताह बसला. समितीचा भोजराज घरी आला. नाव भोजराज, पण अंगानं वाळलेला, खिशात कायम पावतीपुस्तक.

"देवाजीभाऊ, काल्याचं वरण-भाजी तुमच्या हाती. आठशे पान हाय."

चार महिन्यांपूर्वी देवाजी नुसते 'हो' म्हणाले असते. आताही म्हणता आलं असतं, आणि खरी भीती तीच होती. प्रसादाला तर तेरवीहूनही कुणी नाव ठेवत नाही. करपलेलं वरण लोक डोळ्याला लावून खातील, आणखी मागतील. मरेपर्यंत देवाजी जळकं रांधत राहिले असते आणि गाव मरेपर्यंत 'मस्त' म्हणत राहिलं असतं. त्या मायेचीच त्यांना धास्ती वाटली.

"भोजराज, मले वास येत नाही."

भोजराजनं पावतीपुस्तक चाळवलं. "समजलं होतं आमाले, तेरवीतच."

"मंग बोलला काहून नाहीस?"

"तुमी आमच्या लग्नाचं रांधलं, बाबाच्या तेरवीचं रांधलं. तुमाले कोणत्या तोंडानं बोलू जी?" तो घुटमळला. "साकोलीच्या केटररवाल्याले सांगू का? म्हणजे, तुमाले वाईट नसन वाटत तर."

देवाजींनी आत पाहिलं. निर्मलाबाई चुलीशी होत्या, पाठमोऱ्या, पण कान इकडेच. गावात आठशे माणसं देवाजींना मस्त म्हणणारी होती. नाव ठेवू शकेल असं माणूस एकच होतं, आणि अडतीस वर्षं त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

"मी करतो. पण निकेशची माय चुलाण्यापाशी बसते."

"बाई?" भोजराज दचकला. सप्ताहाच्या चुलाण्यावर आजवर माणसंच. बाया पलीकडे भाजी चिरत बसतात. "चुलाण्यावर बाई कशी बसते जी?"

"बाई नाही, नाक बसते. नाक पाह्यजे का केटरर पाह्यजे, तुमी ठरवा."

समितीनं दोन बैठका घेतल्या. केटररनं फोनवर आकडा सांगितल्यावर तिसरीची गरज पडली नाही.

काल्याच्या दिवशी चुलाण्यापासून पाच पावलांवर एक लाल प्लास्टिकची खुर्ची आणि तीवर निर्मलाबाई, नवं लुगडं नेसून, पंचायतीच्या सभेला बसाव्यात तशा. पहिला तासभर त्या संकोचानं गप्प होत्या. देवाजी विचारत, त्या मान हलवत. मग भाजीचा मसाला तेलात पडला आणि त्यांचं तोंड उघडलं.

"अजून कच्चा हाय. आलू नका टाकू."

थोड्या वेळानं, "हं, आता टाका."

मग तर त्या बसल्याच नाहीत. सांबार आता नको, उतरवताना टाका. हळद जास्त झाली, कुणी टाकली? बुंदीचं तेल बदला. निकेश लाकडं सारत होता. तो बापाजवळ येऊन म्हणाला, "बाबा, आईले इतकं बोलता येते?"

"मलेही आजच समजून राहिलं," देवाजी म्हणाले.

मिठाची वेळ आली तेव्हा त्यांनी कुणालाच विचारलं नाही. मुठी भरल्या, गंजावर धरल्या, सोडल्या. हाताला माहीत होतं.

नैवेद्याला पाऊण तास असताना निर्मलाबाई चालता चालता एकदम थांबल्या. "वरण उतरवा. लागून राहिलं."

देवाजींनी सराटा बुडापर्यंत नेऊन फिरवला. गुळगुळीत. कुठं अडकत नव्हतं. "नाही लागत. अजून शिजाचं हाय."

"लागून राहिलं म्हणते ना मी!"

भोजराज वाफेजवळ नाक नेऊन म्हणाला, "मले तर काही येत नाही, वहिनी." आणखी दोघांनी वास घेतला. त्यांनाही काही आलं नाही. सगळे देवाजींकडे बघू लागले. हातातला सराटा सांगत होता, ठीक आहे. चाळीस वर्षांचा हात. देवाजींनी सवयीनं डोळे मिटले, वाफ घेतली. आत अंधार होता, गरम आणि ओला.

त्यांनी डोळे उघडले. "निकेश, लाकडं ओढ. सगळेच. वरण दुसऱ्या गंजात काढा."

चौघांनी फडक्यांनी गंज धरला, वरण ओतलं. बुडाशी नाण्याएवढा एक तांबूस डाग होता. काळा नव्हता. काळा व्हायला पाच मिनिटं राहिली असावीत. भोजराज त्या डागाकडे बघत राहिला, मग त्यानं निर्मलाबाईंसमोर चहाचा कप नेऊन ठेवला. समितीतर्फे ठराव झाला तो एवढाच.

नैवेद्य झाला, आरती झाली, पंगती उठल्या. शेवटच्या पंगतीत देवाजी आणि निर्मलाबाई शेजारी बसले. देवाजींनी भातावर वरण घेतलं. गरम, दाट, जिभेवर किंचित आंबट. खारटपणा जिथं पाहिजे तिथंच. त्यापलीकडे दार बंद.

"कसा हाय वास?" त्यांनी हळूच विचारलं. "सांग ना."

निर्मलाबाईंनी घास थांबवला. असा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. त्यांनी विचार केला.

"तुमच्या टॉवेलासारखा," त्या म्हणाल्या. "लग्नघरून रांधून येत होते ना तुमी, तवा खांद्यावरच्या टॉवेलाले यायचा. धूर, हिंग, तूप. तसा." मग त्यांनी दुसरा घास घेतला, सावकाश चावला, आणि पत्रावळीकडे बघत म्हणाल्या, "पण मीठ जरासं कमी हाय."

वरणात मीठ बरोबर होतं. जिभेनं सांगितलं होतं, हातानं सांगितलं होतं, डॉक्टरनंही सांगितलं असतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्या अगदी गंभीर चेहऱ्यानं भात कालवत होत्या.

देवाजींनी मान वर केली आणि वाढणाऱ्याला हाक मारली, "मीठ आण रे बाप्पा इकडं! वरणात कमी पडलं."