बायोकेमिस्ट्रीच का, असं मी तिला विचारलं

मंडळी, मी नाशिकच्या एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. आज सुरगाण्याहून एक मुलगी वडिलांसोबत प्रवेशासाठी आली होती.

वडील म्हणाले, "मॅडम, नर्सिंग केलं तर लगेच नोकरी लागंल. हिला जरा समजवा."

मी तिलाच विचारलं, "बायोकेमिस्ट्रीच का गं?"

"माझ्या भावाला सिकलसेल आहे. रक्तातल्या एका प्रथिनात एवढासा बदल, आणि तो दुखण्याने कळवळतो. तो बदल मला नीट समजून घ्यायचाय."

वडील हळूच म्हणाले, "घरी कधी बोलली नाय ही. घ्या मॅडम, हिला इथंच घ्या."

इतकी वर्षं शिकवतेय, पण विषय निवडण्याचं इतकं स्वच्छ कारण क्वचितच ऐकलं. तुम्ही तुमचा विषय कशासाठी निवडला होता?