पिकअपची डावी ओढ

आमची जुनी पिकअप बुटकी करण्यामागं माझा हेतू अगदी शुद्ध होता.

लढाईनंतरच्या लष्करी लिलावात वडिलांनी घेतलेली ती गाडी भलतीच उंच. आत्याला चढायला स्टूल लागे, स्टूल धरायला मी लागे, आणि मला टेकायला भिंत (आत्या अंगानं भरलेली). धाकट्या बहिणीचं, कमलचं लग्न अमरावतीला, मुलाकडं ठरलं, तेव्हा आत्यानं सगळ्यांदेखत बजावलं, "नवरीले स्टुलावरून उतरोशीन, तर मी येत नाई."

आत्याशिवाय लग्न लावण्याची हिंमत घरात कोणाची नव्हती. मी अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या अंगणात जॅक लावला आणि पुढच्या स्प्रिंगचे पाटे कमी करायला घेतले. डावीकडचे दोन सहज निघाले. उजवीकडचा एक निघाला, दुसऱ्याचा बोल्ट गंजलेला. राहू दिला. माणसाचे दोन डोळे तरी कुठं सारखे असतात?

वडिलांनी विचारलं, चाकं सरळ आहेत का? मग सुतळी घेतली. दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून सारखं भरलं, की चाकं सरळ. सुतळीचं दुसरं टोक आत्याकडं होतं. ऐन मोजताना तिला फोडणी जळाल्याचा वास आला आणि ती टोकासकट स्वयंपाकघराकडं वळली. तरीही माप सारखंच भरल्याचं मी जाहीर केलं.

अकोला सुटलं आणि गाडी डावीकडं ओढू लागली. मी स्टेअरिंग उजवीकडं धरून बसलो, ते मूर्तिजापूर येईतो खांदे भरून आले. जरा ढिलाई झाली, की गाडी कोणाच्या तरी वावरात डोकावून यायची.

"काहून रे," वडील शेवटी म्हणाले, "दरेक वावरात काय पाहून राहिला?"

"कपाशी," मी म्हटलं.

अमरावतीत मांडव रस्त्याच्या उजव्या हाताला होता. व्याही दारात हात जोडून उभे. मी संस्कारी माणूस, मीही दोन्ही हात जोडले!

गाडी डावीकडं वळली आणि समोरच्या मांडवात शिरली. तिथंही लग्न होतं, आणि तेही नवरीचीच वाट पाहत होते. तोंड उघडायच्या आत एका मुलीनं ताट आणून कमलला ओवाळलं. आत्या स्टुलाशिवाय उतरल्याच्या आनंदात खुर्चीवर बसून सरबत प्यायला लागली. कमल माझ्या कानाशी रडवेली होऊन म्हणाली, "दादा, हा तो नवरदेव नाई."

तेवढ्यात आमचे व्याही रस्ता ओलांडून आले. चेहरा पाहून वाटलं, मोडलं आता लग्न. वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"सरबत झालं असंन," व्याही शांतपणे म्हणाले, "तर आमची नवरी आमाले द्या."

आधी तो मांडव हसला, मग आमचा, सगळ्यांत शेवटी वडील. त्या लोकांनी मात्र जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणून हट्टच धरला. पंगतीत वाढायला तीच ओवाळणारी मुलगी होती, त्या नवरदेवाची बहीण, विमल. मी बुंदी तीनदा मागितली. पुढल्या वर्षी आमचं लग्न झालं.

आजही कोणी विचारलं, की यांनी तुला पसंत कधी केलं, तर ती पदर सावरत सांगते, "यायले कोन इचारलं? पसंत गाडीनं केलं. हे मांगून उतरले."