गोल्फला शोभेल असा आवाज

आमची कंपनी पंखे बनवायची आणि आमचे मोठे साहेब गोल्फ खेळायचे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता तोवर सगळं बरं चाललं होतं. मग टीव्हीवर प्रायोजित कार्यक्रमांचं पेव फुटलं. कुणी साबणवाला मालिका काढत होता, कुणी टूथपेस्टवाला प्रश्नमंजूषा. साहेबांच्या डोक्यात आलं की आपण गोल्फ दाखवायचं. कंपनीच्या नावाचा चषक ठेवायचा, चार साहेबलोकांनी खेळायचं आणि रविवारी दुपारी अर्धा तास अख्ख्या महाराष्ट्राने ते बघायचं. तेही मराठीतून, कारण पंखे गावोगावी खपायला हवे होते. गावोगावच्या लोकांनी गोल्फ बघून पंखा का घ्यावा, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मी त्या कंपनीत, मुलुंडला, टेलिफोन ऑपरेटर होते. फाटकाजवळच्या खोलीत बोर्डापुढे बसायचं, कानाला हेडफोन लावायचा, आणि बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी माझ्याकडे यायचा. वडिलांची गिरणी बंद पडल्यापासून घर माझ्या पगारावर चालत होतं, त्यामुळे नोकरीला नावं ठेवायची सोय नव्हती. पण मला निवेदिका व्हायचं होतं. शाळेचं गॅदरिंग असो, गणपतीतला कार्यक्रम असो की कंपनीचा वार्षिकोत्सव, माइक माझ्याच हातात असायचा. टीव्हीवर दिसण्याइतकी मी देखणी नाही, हे नातेवाइकांनी मला वेळोवेळी अगदी प्रेमाने सांगितलं होतं. म्हणून या गोल्फची बातमी ऐकली तेव्हा मी हरखले. यात निवेदकाचा चेहरा दिसणारच नव्हता. सामन्याचं चित्रण आधी होणार आणि मग स्टुडिओत बसून त्यावर आवाज भरायचा. म्हणजे लागणार होता तो फक्त आवाज, आणि तो माझ्याकडे होता.

सामना माहुलच्या बाजूच्या एका मैदानावर झाला. आमच्या जाहिरात खात्याचे मॅनेजर चित्रणाला हजर होते. ते पार्ल्याचे, सज्जन गृहस्थ, आणि साहेबांपुढे मान डोलवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मागच्या रिफायनऱ्यांच्या चिमण्या दिसता कामा नयेत, अशी कॅमेरावाल्याला तंबी होती. बिचाऱ्याने चिमण्या इतक्या कसोशीने टाळल्या की निम्म्या वेळा चेंडूही चित्रात आला नाही. तरी शेवटचा डाव झकास आला होता. आमचे साहेब आणि एक रंगांचा कारखानदार बरोबरीत होते, आणि शेवटच्या भोकापाशी साहेबांचा चेंडू काठावर जाऊन माघारी वळला. कंपनीच्या पैशाने ठेवलेला कंपनीचा चषक रंगवाला घेऊन गेला.

खरा निवेदक ठरेपर्यंत मजकूर चित्रात बसतो की नाही हे पाहण्यासाठी कुणीतरी तो वाचून टेपवर घ्यावा लागतो. स्टुडिओतले लोक त्याला कच्चा आवाज म्हणत. मॅनेजरनी त्यासाठी मला विचारलं, कारण मी फुकटात मिळत होते. स्टुडिओ अंधेरीला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होता आणि त्याच्या खाली पत्र्याचे डबे ठोकणारा कारखाना. रेकॉर्डिंग व्हायचं ते खालच्या कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत. त्यांनी डबे ठोकायचं थांबवून डबे उघडले की आमची कला सुरू.

मी साधंच बोलले. खिडकीतल्या शेजारणीला रस्त्यावर काय चाललंय ते सांगावं, तसं. चेंडू कुठे आहे, भोक कुठे आहे, मधली जमीन कुठे उतरते, मारणारा दोनदा का थांबला. गोल्फ मला कळत होतं असं नाही. मॅनेजरनी आणलेलं एक पुस्तक चाळलं होतं, तेवढंच. पण समोर एक माणूस घाबरलाय हे कळायला पुस्तक लागत नाही. साहेबांचा चेंडू काठावरून वळला तेव्हा माझ्या तोंडून "अरेरे" निघून गेलं. ते मजकुरात नव्हतं. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट हसला आणि म्हणाला, "राहू दे गं, मस्त वाटतंय."

मग निवेदकांच्या चाचण्या सुरू झाल्या आणि साहेब जातीने येऊन बसले. मजकुराचे कागद पुढे करायला मॅनेजरनी मलाही बोलावलं होतं. त्यांच्या मेव्हण्याने लंडनहून गोल्फची एक व्हिडिओ कॅसेट आणली होती. त्या एका कॅसेटवर साहेबांचं या विषयातलं सगळं शिक्षण झालं होतं, आणि ती त्यांनी आम्हालाही दाखवली.

"लक्षात ठेवा," ते म्हणाले, "गोल्फ इज अ जंटलमन्स गेम. ही काय कबड्डी नाही. कॉमेंटेटर एकदम हळू बोलला पाहिजे. व्हिस्पर!"

मॅनेजरनी मान डोलावली. तिकडचा निवेदक मैदानाच्या कडेला बसतो आणि खेळणाऱ्याचं चित्त विचलित होऊ नये म्हणून हळू बोलतो, एवढं त्या कॅसेटवरूनच मला कळलं होतं. आमचे खेळाडू कधीच घरी जाऊन, आंघोळ करून, आपापल्या धंद्याला लागले होते. अंधेरीच्या बंद खोलीत कुजबुजून नेमकी कुणाची एकाग्रता टिकवायची होती? पण साहेबांनी एकदा म्हटलं की कुजबुज, म्हणजे कुजबुज.

पहिला आला तो ऐतिहासिक नाटकांत काम करणारा नट. त्याला हळू बोला म्हणणं म्हणजे म्हशीला पाण्यातून ऊठ म्हणण्यासारखं होतं. त्याने "चेंडू" असं काही उच्चारलं की शत्रू बुरुजावर चढतोय असंच वाटावं. दुसरा क्रिकेटची कॉमेंट्री करणारा. त्याला शांतता सोसायची नाही. पडद्यावर काठ्यांच्या पिशव्या वाहणारे चार कॅडी आणि दोन कावळे दिसत असताना हा "खचाखच भरलेल्या मैदानातला अपूर्व उत्साह" सांगत होता. तिसरे मराठीचे प्राध्यापक. त्यांनी भोकाला "गर्ता" म्हटलं, काठीला "यष्टी" म्हटलं, आणि आपल्या भाषेत शब्दांची कशी वाण नाही यावर जेवणाच्या सुट्टीतली उरलेली मिनिटं खाल्ली. खाली ठोकाठोकी सुरू झाली तरी त्यांची गर्ता काही बुजेना.

शेवटी भावगीतांच्या कार्यक्रमांचं निवेदन करणारे एक गृहस्थ आले. रेशमी झब्बा, खांद्यावर शाल. मे महिन्यात शाल! माइकपुढे बसल्यावर त्यांनी डोळे मिटले, एक उसासा सोडला आणि इतक्या तलम आवाजात "हिरवळ..." म्हणाले की पुढची हिरवळ ऐकू यायला आम्हाला कान टवकारावे लागले. डोळे मिटलेले असल्यामुळे कोण चेंडू मारतोय हे त्यांना दिसत नव्हतं. रंगवाल्याच्या फटक्यावर ते साहेबांचं कौतुक करत होते. साहेबांना अर्थातच यात काही खटकलं नाही.

"हां! धिस इज इट," साहेब म्हणाले. "क्लास आहे ह्यांच्या आवाजात."

मॅनेजरना काय सुचलं कोण जाणे. माणसाच्या अंगात कधीतरी धैर्य शिरतं, ताप भरावा तसं. त्यांनी रेकॉर्डिस्टला खूण केली आणि "सर, आणखी एक ऐकून घ्या" म्हणून माझी टेप लावली. मी भिंतीला टेकून बसले होते. साहेब आधी घड्याळाकडे बघत होते, मग पडद्याकडे बघायला लागले. शेवटच्या भोकापाशी ते खुर्चीत पुढे सरकले. निकाल त्यांना ठाऊक होता, चेंडू त्यांचाच होता, तरी सरकले. माझं "अरेरे" आलं तेव्हा त्यांनी मांडीवर हात मारला.

"हे बरोबर आहे. हे एकदम बरोबर आहे. कोण आहे ही?"

"सर, आपल्याच बोर्डावरच्या बाई," मॅनेजर खुशीत येऊन म्हणाले आणि माझ्याकडे हात केला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते मोकळेपणी हसले. त्यात दुष्टपणा नव्हता, हेच मला जास्त लागलं.

"अरे नाही नाही. मग नको. सगळे डीलर हिचा आवाज रोज ऐकतात. म्हणतील, कंपनीला कॉमेंटेटर मिळाला नाही, ऑपरेटर आणून बसवली. लोकांना वाटलं पाहिजे की कुणीतरी मोठा माणूस बोलतोय."

मला रडू आलं नाही. संताप आला. आवाज वाईट आहे म्हणाले असते तर गिळलं असतं. आवाज चांगला ठरला, आणि तो माझा निघाला म्हणून बाद झाला! मॅनेजर जिन्यावर म्हणाले, "बाई, मनावर घेऊ नका." मी म्हटलं, "मग कशावर घेऊ?" त्यांचं धैर्य तोवर उतरलं होतं.

रविवारी दुपारी आमच्या बिल्डिंगमधले शेजारी आमच्याच खोलीत जमले, कारण मुलीच्या कंपनीचा कार्यक्रम आहे असं आईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ऊन रणरणत होतं. डोक्यावर आमच्याच कंपनीचा पंखा, कामगारांच्या सवलतीत घेतलेला, घरघरत होता. पडद्यावर गवत दिसलं. मग आणखी गवत दिसलं. आवाज काही येईना.

वडिलांनी उठून टीव्हीचा आवाज वाढवला, मग पूर्ण वाढवला. शेजारच्या काकांनी टीव्हीच्या डोक्यावर एक थाप मारून पाहिली, कारण त्यांच्या घरी ती लागू पडायची. अगदी कान देऊन ऐकलं तेव्हा कुणीतरी लांब उसासे टाकतंय एवढं कळलं.

आई म्हणाली, "गो, त्या मेल्याचो घसो बसलो काय?"

"पंखा बंद करा रे," काका म्हणाले. "पंख्यापुढे काय ऐकू येतंय?"

पंखा बंद केला. पंख्याच्या कंपनीचा कार्यक्रम, आणि मुलुंडपासून कुठपर्यंत कुणास ठाऊक, लोक पंखे बंद करून घामाच्या धारांत तो ऐकत बसले असणार. तेवढ्यात मध्यंतर झालं आणि पूर्ण वाढवलेल्या आवाजात आमच्या पंख्याची जाहिरात खोलीत फुटली. पाळण्यातलं शेजारणीचं पोर दचकून भोकाड पसरून रडायला लागलं. काकांनी जी शिवी हासडली ती कंपनीच्या नावाला जोडूनच हासडली. मला हसू आवरेना. इतकं निर्मळ सुडाचं हसू मला त्यानंतर फारसं आलेलं नाही.

सोमवारी मी हेडफोन लावायच्या आधीच बोर्डावरचे दिवे लागले होते. डीलर, डीलरांचे मेव्हणे, ओळखीपाळखीचे, सगळे. घाटकोपरच्या दुकानदाराने तर टीव्हीवाल्या मेकॅनिकला रविवारी घरी बोलावून टीव्ही उघडायला लावला होता. "बाई, आमचा सेट बिघडलाय की तुमचंच काही बिघडलंय?" तो विचारत होता. त्याला लाइनवर थांबवलं आणि मान वर केली तर दारात मोठे साहेब. इतक्या वर्षांत ते त्या खोलीत कधी आले नव्हते. बसायला दुसरी खुर्चीही नव्हती.

"ऐका," ते म्हणाले. "सगळ्यांना सांगायचं, प्रक्षेपणात बिघाड होता. आमच्याकडून सगळं ठीक होतं. तुम्हीच सांगा. तुमचा आवाज विश्वासाचा आहे, लोकांना पटतं."

कालपर्यंत माझा आवाज टीव्हीवर नेण्याच्या लायकीचा नव्हता. आज खोटं बोलायला तोच हवा होता. घरचं भाडं, वडिलांचं औषध, सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि तरी अंगातला संताप उतरेना. मी त्यांच्याकडे बघतच घाटकोपरवाल्याची लाइन पुन्हा जोडली आणि माझ्या नेहमीच्या स्वच्छ आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आपला टीव्ही अगदी ठीक आहे. आमचा निवेदक कुजबुजत होता. त्याला मोठ्या साहेबांनी स्वतः निवडलंय, आणि ते आत्ता माझ्यासमोर उभे आहेत. देऊ का त्यांना?"