पाठीवर खडूच्या किडन्या

सुजाता काही समजावून सांगत असली की समोरच्याने मान डोलवलेली तिला चालत नसे. बोलता बोलता थांबायची, बोट वर करायची आणि म्हणायची, "मान नका डोलवू, तात्या. कळलं असेल तर सांगून दाखवा. नसेल तर कळलं नाही म्हणा." मी चौथीत शाळा सोडली, तेव्हाचे मास्तरही माझ्याशी असं बोलले नव्हते. पण ती बोलायची, आणि मी माझ्याच पडवीत अपराध्यासारखा बसून राहायचो.

आरे-वारेच्या रस्त्याला आमची वाडी आहे. सुजाता शेजारच्या घरातली. वडील प्राथमिक शिक्षक होते, ते आधीच गेले. ती शिकून रत्नागिरीला एका कंपनीच्या ऑफिसात कामाला लागली होती. लग्नासाठी तिला बघायला पाहुणे येत होते. अशात तिची आई तापाने आजारी पडली आणि दवाखान्यात नेता नेता रिक्षातच गेली. दिवसकार्य झाल्यावर पोरीने नोकरी सोडली आणि जाहीर केलं की मी डॉक्टर होणार. तिच्या भावाने डोक्याला हात लावला. बारावीला तिने गणित घेतलेलं, आणि डॉक्टरकीच्या परीक्षेला बसायचं तर जीवशास्त्र पाहिजे. आता म्हणे तो एक विषय मागाहून देता येतो. त्याची शिकवणी तिने फोनवर लावली.

फोनमधल्या मास्तरणीने तिला सांगितलं होतं की शिकलेलं रोज कुणाला तरी शिकवा, अगदी काही न येणाऱ्या माणसाला. ती सरळ माझ्याकडे आली.

"तात्या, तुम्हाला काहीच येत नाही ना?"

"मला? अगो, ह्या वाडीतल्या निम्म्या घरांचे चिरे मी काढलेत खाणीतून!"

"बायोलॉजीचं म्हणते मी."

"ते नाय येत."

"मग बसा."

मी बसलो. बायको गेलेली, मुलगा मुंबईत, मला तरी कुठे जायचं होतं? तिन्हीसांजेला तिचा क्लास संपायचा आणि माझा सुरू व्हायचा.

पण त्या शिकवणीने माझी झोप उडवली हे खरं. शरीरात एवढं काय काय चाललेलं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. चिरा काढताना दगड कुठे फुटेल हे कळतं, कारण तो डोळ्यासमोर असतो. इथे सगळं आत, अंधारात. रक्ताचा धडा झाला त्या दिवशी दाढी करताना कापलं तर मी ते थांबेपर्यंत आरशासमोरून हललो नाही. हृदयाचा धडा झाला आणि मी घास हातात धरून ठोके ऐकत बसायला लागलो. एखादा ठोका उशिरा आला असं वाटलं की भाकरी गिळवत नसे. हे मी कुणाला बोललो नाही. तिच्यासमोर तर नाहीच.

किडनीच्या दिवशी तिने खडू आणला. मी उघडाच बसलो होतो, कमरेला पंचा. तिने माझ्या पाठीवर दोन किडन्या काढल्या, त्यांच्या नळ्या काढल्या आणि बोट ठेवून ठेवून सगळं सांगितलं. नंतर मी विसरलो आणि तसाच काडेपेटी आणायला दुकानात गेलो. दुकानदार ओरडला, "तात्यानू, पाठीवर वांगी कुणी काढली?"

"किडन्या हायत त्या. तुला नाय काय?"

सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन पंच्याने पाठ खसाखसा पुसली. पण खडू पुसला तरी त्या आत आहेतच, आणि त्या थांबल्या तर मला कळणारसुद्धा नाही, हे मनातून जाईना.

तिलाही भीती होती. तिची वेगळी. एकदा म्हणाली, "रिक्षात आईचा हात माझ्या हातात होता, तात्या. तो गार पडत गेला. मी नुसती 'आई, आई' करत होते. काय होतंय ते मला माहीतच नव्हतं." आणि लगेच पुस्तक उघडलं. "चला. मज्जासंस्था."

मज्जा म्हणजे मजा नव्हे, शरीरातल्या तारा, हे तिने आधीच बजावलं. परीक्षा तोंडावर आली होती. तिने खराट्याची एक हीर मोडून घेतली आणि मला डोळे मिटायला लावले. "हीर टोचली की 'हं' म्हणायचं. बाकी बोलायचं नाही."

हातावर टोचली. हं. कोपरावर. हं. गुडघ्यावर टोचली, तेव्हा जरा जोरातच हं म्हणालो. मग बराच वेळ काही नाही. मी वाट बघत राहिलो. अंगणात कोंबडी उकरत होती तेवढा आवाज. मला वाटलं, ही टोचत असणार आणि आपण म्हातारे म्हणून आपल्याला उशिरा कळतंय. म्हटलं, "हं." परत म्हटलं, "हं."

डोळे उघडले तर ती पायाशी बसली होती. हीर तिच्या मांडीवर.

"आत्ता मी लावलीच नव्हती, तात्या."

"मग आधी?"

"आधी चारदा लावली. तळव्याला. तेव्हा तुम्ही गप्प होता."

मला राग आला. "माझे पाय हायत ते, तुझ्या ऑफिसातल्या बाबूचे नव्हेत. चैत्रातल्या भर दुपारी सड्यावरच्या उघड्या कातळावरून अनवाणी जातो मी काजू वेचायला. पोरं चपला घालूनसुद्धा उड्या मारतात. मला कातळ लागत नाय!"

हे मी वाडीभर सांगत असे. पारावर बसून पाय पुढे करून दाखवत असे. पण ह्या वेळी समोरची पोर हसली नाही. तिचा चेहरा उतरत गेला.

"कधीपासून लागत नाही?"

मी बोटांवर वर्षं मोजायला गेलो आणि चुकलो. तिने माझा डावा पाय उचलला, उजेडाकडे फिरवला आणि वाकून बघितलं. मग नाकाला ओढणी लावायला गेली, आणि लावली नाही. करंगळीच्या खाली करवंदीचा काटा मोडून आत बसला होता. भोवती सगळं पिकलं होतं, काळं पडलं होतं. मी त्याच पायावर दोन दिवस हिंडत होतो का आठ, देव जाणे.

"सिव्हिलला चला. आत्ता."

"मी नाय येणार."

माझा थोरला भाऊ मुंबईत गोदीत होता. त्याचा आधी अंगठा कापला, मग घोट्यापासून पाय, मग गुडघ्यापासून, मग तो आलाच नाही. मी दवाखान्याची पायरी चढायची नाही हे तेव्हाच ठरवलेलं. तिला तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. रडली नाही, हातापाया पडली नाही.

"मी डॉक्टर नाही, तात्या. ह्यातलं अर्धंच कळलंय मला. पण पायाची जाणीव गेली की पुढे काय होतं ते इथे लिहिलंय. वाचून दाखवू?"

"नको."

"का?"

"नको म्हटलं ना!"

"भीती वाटते?"

आयुष्यात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विचारला असता तर मी त्याला घरात घेतलं नसतं. तिने बोट वर केलं. मान डोलवून चालणार नव्हतं.

"वाटते," मी म्हणालो.

"मलाही. उठा."

रिक्षात तिने माझा हात धरला होता. रस्ताभर ती मला काहीबाही विचारत राहिली, चिरा कसा काढतात, खाण कुठे होती, बोला, बोलत राहा. ती नुसती विचारत नव्हती, माझा हात गार पडत नाही ना हे बघत होती, ते मला वळणावर कळलं. मग मी मुद्दाम जोरजोरात बोललो.

दवाखान्यात साखर बघितली तर भलतीच वाढलेली. डॉक्टरांनी तिला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

मीच म्हणालो, "माझी डाक्टरीण."

"खोटं नका बोलू, तात्या. शेजारीण आहे, सर."

पायाची करंगळी गेली. थोडे दिवस उशीर झाला असता तर घोट्यापासून पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. मी मान डोलवणार होतो. मग म्हटलं, "नीटसं कळलं नाय. परत सांगा." त्यांनी परत सांगितलं.

पहिल्या वर्षी तिचे गुण कमी पडले. पडवीत येऊन बसली. "न कळलेल्या प्रश्नांनाही उत्तरं ठोकली, तात्या. घाबरून. त्याचे गुण कापले." मी पाठ तिच्याकडे केली आणि म्हटलं, "घे खडू."

दुसऱ्या वर्षी नंबर लागला, लांब, घाटावर. जाताना एक हातआरसा देऊन गेली. रोज सकाळी तळवे बघायचे, चप्पल घातल्याशिवाय सड्यावर जायचं नाही. गाडी वळणाआड गेली आणि मला इतकं भ्यायला झालं की मी स्टँडवरच आरसा काढून पाय बघितले.

रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. पहिलं वाक्य ठरलेलं: "पाय दाखवा." एकदा मात्र ती तसं म्हणाली नाही. चेहरा पांढरा पडला होता.

"तात्या, काल आम्हाला देह दाखवला. कुणीतरी मरताना दान केलेला. म्हातारा माणूस होता. सरांनी त्याला पालथा केला, आणि पाठ..." तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. "सर बोलत होते. मी मान डोलवत होते. मला काहीच ऐकू आलं नाही. हे मला जमायचं नाही, तात्या."

तिने खडूने रंगवलेल्या माझ्या पाठीवर काटा आला. तो म्हातारा मी नव्हतो एवढंच.

"मग मास्तरांना कळलं नाही म्हणून सांगितलंस का?"

"नाही."

"उद्या सांग. मान डोलवू नको."

तिने डोळे पुसले, बोट वर केलं. आवाज अजून ओला होता.

"पाय दाखवा."

मी फोन खाली धरला, तळव्यांकडे. आधी डावा. मग उजवा. ती बघून होईपर्यंत मी श्वास घेतला नाही.