एक छाती, आठ नावं

गुरुदत्त कर्णिकांना ठाण्यात सगळे ‘फोटोवाले कर्णिक’ म्हणत, आणि दर महिन्याला एखादा नवखा माणूस त्यांना लग्नाचे फोटो काढणार का म्हणून विचारायला येई. ते चिडत नसत. चिडायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. लढाईच्या दिवसांत लष्करी इस्पितळात ते एक्स-रे शिकले, लढाई संपल्यावर आमच्या दवाखान्यात लागले आणि तेव्हापासून ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ एवढंच बोलत आले. घरी गेले की तोंड बंद. त्यांच्या पत्नी, नीलाताई, एकदा मला म्हणाल्या, “अगं, हे भात वाढ म्हणूनसुद्धा सांगत नाहीत. नुसतं ताट पुढे सरकवतात.”

मी, सुमती, तिथे नावं लिहायला होते. नाव, गाव, नंबर. दवाखान्याला लागून पिठाची गिरणी होती. ती चालू असली की विजेचा दाब उतरायचा आणि फोटो पुसट यायचा. म्हणून दुपारी गिरणीवाला जेवायला गेला की त्या दोन तासांत आम्ही सगळे फोटो उरकायचो. रांगेतला माणूस पुढे आला, नाव लिहिलं, आत ढकलला. मी मान वर करून कुणाचा चेहरा बघत नसे, हे आधीच कबूल करते.

त्रेपन्न साली खाडीपलीकडे एक मोठा कारखाना निघाला. मिठागरात भर उन्हात उभं राहून तळव्यांना चिरा पडलेल्या माणसांना तिथे बारमाही काम मिळू लागलं. अट एकच, छाती साफ हवी. म्हणून कारखाना उमेदवारांना आमच्याकडे पाठवी. कर्णिक फोटो काढीत, डॉक्टर प्लेट बघून कागदावर ‘छाती निर्दोष’ लिहून सही करीत, आणि तो कागद घेऊन माणूस कामावर रुजू होई.

पंचावन्नच्या जानेवारीत एका संध्याकाळी कर्णिकांनी मला प्लेटा वाळवायच्या खोलीत बोलावलं. तारेवर एक प्लेट लटकत होती. नाव गणू, खाडीकाठच्या एका आगरी गावातला, वय वीस.

“वरच्या बाजूला हा डाग बघा. क्षय आहे. डॉक्टरांनी ओलीच बघितली आणि शेरा मारला, कामास अयोग्य.”

“वाईट झालं,” मी म्हटलं. असं मी रोजच म्हणत असे.

“पण ही गणूची छाती नाही.” त्यांनी प्लेटा धुण्याच्या औषधाने तपकिरी झालेल्या नखाने उजवीकडची एक बरगडी दाखवली. मोडून वाकडी जुळलेली होती, मध्ये गाठ आलेली. “ही बरगडी मी ओळखतो. कुठे बघितली ते आठवेना, म्हणून दोन दिवस कपाट उपसतोय.”

टेबलावर त्यांनी सात प्लेटा मांडल्या होत्या. सात नावं, दोन वर्षांतल्या सात तारखा, आणि सातही ठिकाणी तीच वाकडी बरगडी. गाव सगळ्यांचं एकच. सर्वांत जुनी प्लेट पंढरी नावाच्या माणसाची होती. त्या सातही प्लेटा अगदी साफ होत्या. आठवीवर तेवढा डाग.

पंढरीच आठ नावांनी येऊन फोटो काढून गेला होता, हे मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा घाम फुटला, कारण ती सगळी नावं माझ्याच अक्षरात होती. आणि मग मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, “प्लेट खराब झाली म्हणा आणि फाडून टाका. उगाच सहा घरांच्या पोटावर पाय. तुमचीही नोकरी जाईल.”

कर्णिक स्टुलावर बसले. पन्नाशीही न गाठलेला माणूस, पण सत्तरीचा वाटला.

“मला आता कुणाचं काही बघायचाच कंटाळा आलाय, सुमतीबाई. पण हे दिसलंय. सोमवारी डॉक्टरांना सांगणार. त्याआधी रविवारी त्या माणसाला.”

ते एकटे जाणार म्हणून मी बरोबर निघाले. माझ्या हातून कमी का चूक झाली होती? बांधावरून चालून पाय मोडून आले. पंढरी अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. चाळिशीचा, भरल्या दंडांचा, हसऱ्या तोंडाचा. कारखान्यात तोही लागला होता, पण छपराखाली जीव रमेना म्हणून चार महिन्यांत मिठागरावर परत आला होता. त्याच्या बायकोने, सखुबाईने, घोंगडी अंथरली, चहा ठेवला. कर्णिकांनी विचारलं आणि त्याने आढेवेढे न घेता सांगून टाकलं.

“पयला महिपत आला. खोकायचा ना तो, घाबरलेला. बोलला, पंढरी, तुजी छाती साफ निघाली, माज्या नावानी तूच जा. मंग एकेक येवाला लागला. मना काय कष्ट पडतात साएब? सदरा काडायचा नि दम धरायचा.”

गावात लग्न निघालं की ज्याच्याकडे मोठं पातेलं असतं तो ते देतो, मागे-पुढे बघत नाही. पंढरीने छाती तशीच दिली होती. मी त्याच्यावर संतापायला आले होते, पण ते मला जमेना.

कर्णिकांनी पिशवीतून आठवी प्लेट काढून उन्हाकडे धरली आणि डाग दाखवला. “हा तुझा आहे, पंढरी. आता इंजेक्शनं आलीत, गोळ्या आल्यात. वर्षभर घेतलीस तर जगशील. पण तुझ्या नावावर घ्यावी लागतील. त्यासाठी मला डॉक्टरांना सगळं सांगायला हवं. त्या सहा जणांचे फोटो पुन्हा निघतील.”

पंढरीने प्लेटीवरच्या डागावर बोट ठेवून बघितलं. मग म्हणाला, “नि गणूचं काम?”

“गेलं. तुझ्या छातीने गेलं. त्याची स्वतःची कदाचित साफ असेल.”

ते ऐकून मात्र त्याचा चेहरा उतरला. तो खाली मान घालून बोलू लागला, “साएब, तुमी हा फोटो फाडा. गणूचा नवा काडा, त्याला मी सोता आनतो. बाकीच्यांना ऱ्हाव द्या. पोरंबालं हायेत त्यांची. माजं काय, मी गपचूप मरन.”

हेच तर मीही सुचवलं होतं, फक्त मरणारी मी नव्हते.

“त्या सहा जणांच्या छातीत काय आहे ते मला ठाऊकच नाही रे,” कर्णिक म्हणाले. आवाज चढवायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. “मी तुझीच छाती बघत बसलो, आठ वेळा. महिपत खोकायचा म्हणतोस. त्याला तरी उद्या पाठव.”

“महिपत गेला, साएब. आखाडात.”

कर्णिकांनी प्लेट मांडीवर ठेवली. दवाखान्यातून माणसं आल्याचं शेजारी कळलं होतं बहुतेक, कारण तेवढ्यात कुडाला धरून एक बाई अंगणात आली. कपाळ पांढरं, हातात फडक्यात गुंडाळलेला कागद. महिपतची बायको मालन. तिने तो कागद कर्णिकांपुढे उलगडला. खाली आमच्या डॉक्टरांची सही होती.

“तुमीच ना फोटोवालं साएब? यात लिवलंय छाती साफ. दोन मानसांकडून वाचून घेतलंय मी. मंग माजा मानूस रगत ओकून मेला कसा? सासू बोलते, साफ छातीचा मानूस असा मरत नाय, मीच करनी केली. सा महिने झालं, माज्या हातचं पानी घेत नाय घरात कोन. तुमी सांगा त्यांना काय ता.”

कर्णिकांनी मान वर केली. ते सगळं स्वतःवर घेणार, फोटो चुकला म्हणून सांगणार, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. पण त्यांच्या तोंडून शब्द निघण्याआधीच पंढरी जाळं बाजूला टाकून उभा राहिला.

“वयनी, चल तुज्या घरा. सासूला मी सांगतो. ती छाती माजी व्हती.”