व्हर्नाबाईंची अकरा मतं

व्हर्ना पोडोलस्कीने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. रस्त्यात रेल्वेचे रूळ आले की थांबायचं, बसचं दार उघडायचं, कान देऊन ऐकायचं आणि मगच पुढे जायचं, हा सगळ्या बसवाल्यांचा नियम. व्हर्नाच्या तो इतका अंगात मुरला होता की स्वतःच्या पिकअपमध्येही ती तेच करायची, अगदी उणे तीसच्या थंडीतसुद्धा. नवरा लाइल शेजारी बसून ओरडायचा, “बये, दार लाव आधी! गाडी येवो न येवो, न्यूमोनिया नक्की येईल!”

तोच लाइल एका ऑगस्टमध्ये धान्याचा ट्रक घेऊन निघाला आणि आमच्या घरापासून तीन मैलांवरच्या रुळांवर मालगाडीखाली गेला. तिथे वळण आहे, आणि वळणावर विलोची झुडपं माजलेली. ना फाटक, ना दिवा, ना घंटा, रूळ आहेत हे सांगायला खांबावर नुसती एक पांढरी फुली ठोकलेली. चौकशीच्या कागदात एक ओळ आली, ‘चालक थांबला नाही.’ व्हर्नाने ती वाचली आणि कागद खणात टाकला. रडली नाही. अंत्यविधीनंतर सगळ्यांना सँडविच पोचली का, तेवढं पाहत फिरली. मी ग्वेन, चाळीस वर्षांपासून तिची शेजारीण. खरं सांगते, तेव्हापासून मला तिच्याशी बोलायची भीती वाटायला लागली. डोळे उघडे असायचे, पण माणूस आत कुठे असेल सांगता यायचं नाही.

वर्षाने देशाची निवडणूक लागली. व्हर्ना माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि म्हणाली, “मी अर्ज भरतेय. अपक्ष.”

“अगं, कशासाठी?”

“त्या रुळांवर दिवे हवेत. घंटा हवी. रेल्वेचं सगळं राजधानीतून, ओटावातून चालतं म्हणतात, मग तिथल्या निवडणुकीत मागते.”

आमच्या मतदारसंघात माझ्या वडिलांच्या तरुणपणापासून एकच पक्ष निवडून येतो. त्या पक्षाने कुंपणाचा खांब उभा केला तरी तो सुटाबुटात ओटावाला जाईल. मी तसं म्हटलंही.

“जिंकायचंय कुणाला?” ती म्हणाली. “आपल्या हॉलच्या पेटीतून शंभर मतं निघाली ना, की कुणालातरी विचारावंच लागेल, या गावाचं दुखतंय काय म्हणून.”

अर्जाला शंभर सह्या लागतात. चर्चच्या पेरोगीच्या, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांच्या, जेवणात एका दुपारी तिला एकशे तीस मिळाल्या. आम्ही कुणालाही तोंडावर नाही म्हणत नाही. तीच आमची रीत आणि तोच आमचा रोग. दारात आलेल्याला कॉफी द्यायची, मागेल तिथे सही करायची, अंगणात पाटी ठोकू द्यायची. क्रेग ब्यारनसन लहानपणी बारा वर्षं तिच्या बसमधून शाळेत गेला. त्याने तर दोन पाट्या मागून घेतल्या. “बाई, आमच्या घरची चारही मतं तुमचीच! हे काय विचारणं झालं?” जमीन गोठायच्या आत व्हर्नाने आणि मी साठ पाट्या ठोकल्या. ती घण घालायची, मी खुंटा धरायची. को-ऑपच्या दुकानात कॉफी पीत बसलेले म्हातारे चिडवायचे, “व्हर्ना, ओटावाला बस घेऊनच जा गं, आम्हालाही ने!” ती ओठ हलवायची. ते हसणं होतं, असं आम्ही धरून चाललो.

मतदान झालं. मोजणीला मी तिच्या वतीने हॉलमध्ये बसले. ग्रंथालयातली डोरिस एकेक घडी उघडून नाव वाचायची आणि चिठ्ठी त्या त्या ढिगावर ठेवायची. एकशे एकाहत्तर चिठ्ठ्या. व्हर्नाचा ढीग अकरावर थांबला.

त्या अकरात माझं मत नव्हतं.

पडद्याआड मी पेन्सिल हातात घेतली आणि हात चाळीस वर्षं जिथे जातो तिथे गेला. व्हर्नाला काय, सगळं गावच देतंय, असंही मनात आलं. बहुतेक सगळ्या गावाच्याच मनात तेच आलं असणार. मला माझी लाज वाटली, आणि ती लाज घेऊनच मी तिला फोन केला. “अकरा,” मी म्हटलं. “बरं,” ती म्हणाली. “रस्ता निसरडा झालाय, सांभाळून ये.”

शनिवारी ती पाट्या काढायला निघाली. प्रत्येक घरातलं माणूस बाहेर आलं, पाटी उपटून पिकअपमध्ये टाकू लागलं, कुणी घरचा ॲपल-पाय दिला, कुणी लोणच्याची बरणी. आणि प्रत्येकजण म्हणाला, “आम्ही तुम्हालाच दिलं हो, व्हर्नाबाई!” माझं घर शेवटचं. मी फाटकाशीच उभी होते.

“आतापर्यंत सत्तेचाळीस जणांनी मला मत दिलंय,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

“मी नाही दिलं, व्हर्ना.”

“मला वाटलं होतं,” ती सावकाश म्हणाली, “अकरातलं एक माझं आणि एक तुझं.”

मी माफी मागितली. तिने ती ऐकली की नाही, कळलं नाही. मग तिने शेजारच्या सीटवरची लोणच्याची बरणी उचलून मागे ठेवली आणि म्हणाली, “बस.”

ती मला रुळांपाशी घेऊन गेली. पिकअप थांबवला, इंजिन बंद केलं.

“इथून येणारी मालगाडी दिसेल?”

मी मान लांब केली, पुढे वाकले. पानं गळली होती तरी झुडपांची जाळी मध्ये. “नाही.”

“ऑगस्टमध्ये पानं होती,” ती म्हणाली. “ट्रक घेऊन कुणी थांबलं तरी दिसत नाही, ग्वेन. लाइल थांबला असेल. मी एकशे तीस जणांच्या सह्या घेतल्या, पण इथे आणून कुणाला बसवलं नाही. तेवढंच चुकलं.”

“थांबलाच असेल तो,” मी म्हटलं. वर्षभरात हे तिला कुणीच म्हणालं नव्हतं. मीही नाही.

तिचा खालचा ओठ एकदाच थरथरला. मग नेहमीसारखं तिने आपल्या बाजूचं दार उघडलं आणि ती ऐकू लागली. बोचरा वारा आत आला. मी माझ्याही बाजूचं दार उघडलं.